चारशे बारा शब्द

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी लेयना प्येताशोवाला दोनशे सदतीस मेल आले, आणि त्यातला एकही तिला कळला नाही.

तशी ती काही अडाणी नव्हती. लाइपझिगच्या पूर्वेला असलेल्या बुडिशिन गावच्या शाळेत एकतीस वर्षं तिनं जीवशास्त्र शिकवलं होतं, तेही सोर्बी भाषेत. ही भाषा बोलणारी सगळी माणसं एका मोठ्या स्टेडियममध्ये मावतील, वर खुर्च्या उरतील. अशा भाषेत बेडकाच्या पोटातले अवयव शिकवायचे म्हणजे अर्धे शब्द आपणच घडवावे लागतात. ती सवय लेयनाला होती. म्हणूनच नऊ वर्षांपूर्वी बेनो शोल्टा तिच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, संगणकाला सोर्बी शिकवायची आहे, मला एकट्याला झेपत नाही," तेव्हा तिनं त्याला आत घेतलं आणि कॉफी टाकली.

बेनो वोत्रोव गावचा. आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलेलं. त्याच्या मुलीला लेयनानं शिकवलं होतं, त्यामुळे तो तिला 'बाई' म्हणायचा आणि ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. नऊ वर्षांत यात फरक पडला नाही. दर बुधवारी तीनच्या बसनं तो यायचा, पिशवीत घरच्या तिखटजाळ मुळ्याची बरणी असायची, आणि दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून क्रानिखचं भाषांतर करायची.

संगणक चालवणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीची जी अनेक घराणी आहेत, त्यातलं क्रानिख हे एक. क्रानिख म्हणजे जर्मन भाषेत क्रौंच पक्षी. जगभरची हजारेक माणसं ते फुकटात सांभाळत होती, एका मेल-यादीवरून एकमेकांशी बोलत होती, आणि त्यातली सोर्बी बोलणारी ही दोनच. 'फाइल सापडली नाही', 'नक्की पुसायची का?' अशा अकरा हजार सहाशे ओळी त्यांनी आजवर केल्या होत्या. बेनो ओळ वाचायचा, ती यंत्रात कुठं येते ते सांगायचा, आणि आपल्या आईच्या तोंडचा एखादा शब्द सुचवायचा. लेयना शब्दकोश उघडायची. मग थोडी हुज्जत व्हायची, आणि शेवटी बेनो हसून म्हणायचा, "लिहा, बाई. शेवटचा शब्द तुमचा."

मेल आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, बेनो आला तो कोट न काढताच बसला.

"वाचलेत मेल?"

"चाळीसेक वाचले. बेनो, जुना इनिट की नवा इनिट, हे काय प्रकरण आहे?"

"तो शब्द तुम्ही तीन वर्षांपूर्वी भाषांतरित केलाय."

"शब्द केलाय हो. प्रकरण नाही केलं."

बेनोनं टेबलावरचे चमचे ओढून घेतले. "हे बघा. संगणक सुरू केला की सगळ्यात आधी एक प्रोग्रॅम जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. छपाईवाल्याला, जाळ्यावाल्याला, घड्याळवाल्याला. तो इनिट. आपल्याकडचा जुना इनिट म्हणजे रेल्वेची जुनी सिग्नल केबिन. प्रत्येक सिग्नलला आपली दांडी, प्रत्येक दांडीला आपली तार. एक तार तुटली तर मी चालत जायचो, तार बघायचो, जोडायचो. डोळ्यांना दिसायचं सगळं."

"आणि नवा?"

"नवा म्हणजे एकच मोठं नियंत्रण केंद्र. सिग्नल तोच बघणार, फाटक तोच, दिवे तोच, नोंदवही तोच लिहिणार, आणि नोंदवहीही अशी की त्याच्याचकडच्या चष्म्यानं वाचायची. बिघडलं की सगळंच बिघडलं. आणि तुम्ही कुठं चालत जाणार? कुठली तार बघणार?"

लेयनानं विचार केला. "बरोबर आहे तुमचं."

"आहेच मुळी," बेनो म्हणाला आणि आता कुठं त्यानं कोट काढला.

त्या दिवशी जेमतेम सहा ओळी झाल्या.

शनिवारी लाइपझिगहून टाबेआ आली. टाबेआ ही क्रानिखच्या सगळ्या भाषांची व्यवस्था बघायची, जोडीला इनिटचंही काम करायची. एकोणतीस वर्षांची, उंच, नाकात चमकी. प्रकल्पात सगळेच एकमेकांना 'तू' म्हणायचे, अगदी वीस वर्षांचं पोरसुद्धा. लेयनाला ते पचायला दोन वर्षं लागली होती. पण समोरासमोर बसल्यावर टाबेआचीच पंचाईत झाली.

"लेयना, तू... म्हणजे तुम्ही..."

"तू म्हण गं. मेलमध्ये म्हणतेस की."

"मेलमध्ये तू दिसत नाहीस ना!" टाबेआ म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ती आली होती ती माणसं टिकवायला. ब्रेटन भाषेवाले निघून गेले होते, आइसलँडचा एकटा माणूस उत्तर देत नव्हता. लेयनानं तिला बेनोची केबिन, दांड्या, तारा सगळं सांगितलं. टाबेआनं शांतपणे ऐकून घेतलं.

"छान सांगतो बेनो. पण त्या तारा जोडायला चालत कोण जातं, ते सांगितलं त्यानं?"

"कोण?"

"जुन्या इनिटमध्ये प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असते. हाताने लिहिलेली, ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं. अशा नऊशे चिठ्ठ्या आहेत. त्या सांभाळणारी आम्ही तिघं उरलो होतो. एकाला जुळी झाली. दुसऱ्यानं एक दिवस लिहिलं, 'मला बागकाम करायचंय,' आणि गेला. तिसरी मी." तिनं कपातली कॉफी ढवळली. साखर घातलेली नव्हती, तरी ढवळली. "नव्यात चिठ्ठ्याच लागत नाहीत. सगळ्यांची एकच रीत. मला झोप मिळेल, लेयना. एवढंच मागणं आहे माझं."

"बरोबर आहे तुझं," लेयना म्हणाली.

टाबेआला स्टेशनवर सोडून परत येताना तिच्या लक्षात आलं, की बुधवारीही आपण हेच म्हणालो होतो, आणि तेव्हाही मनापासूनच म्हणालो होतो. एकतीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून तिनं मुलांना बजावलं होतं की दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या नसतात. आता ती रस्त्यात थांबली आणि बराच वेळ एका चपलांच्या दुकानाच्या काचेकडे बघत राहिली.

नोव्हेंबरात मतदान जाहीर झालं. ज्यानं चार वर्षं काम केलंय त्याला मत, मग तो चिठ्ठ्या लिहिणारा असो की शब्द. मतपत्रिकेवर पाच पर्याय होते आणि ते पसंतीच्या क्रमानं लावायचे होते. टाबेआनं प्रत्येक भाषेच्या गटाला मतपत्रिकेचं भाषांतर मागितलं. लेयनानं ते एका दुपारी केलं. चोख केलं. 'बंधनकारक नसलेला पाठिंबा', 'पर्यायी यंत्रणांबाबत सद्भावना' असले शब्दही तिनं सोर्बीत असे बसवले की वाचणाऱ्याला वाटावं, हे इथंच जन्मलेत. मग स्वतः मत द्यायला बसली, आणि आपणच लिहिलेल्या पाच ओळींपैकी पहिली कुठली आणि शेवटची कुठली, हे तिला सांगता येईना.

दुसरा पर्याय तिसऱ्यासारखाच वाटत होता. चौथ्यात 'शक्यतोवर' होतं, पहिल्यात 'शक्य असल्यास'. या दोहोंत फरक काय, हे भाषांतर करताना तिला नक्की माहीत होतं. आता वाटलं, काहीच नाही.

पाचवा पर्याय होता: 'चर्चा पुढे चालू ठेवावी.' तिनं तोच पहिला ठेवला.

मतं गुप्त नसायची. निकाल लागला की कोणी काय क्रम दिला त्याची यादी सगळ्यांपुढे यायची. नवा इनिट त्रेचाळीस मतांनी जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेनोचा फोन आला.

"चर्चा?" तो म्हणाला. "बाई, तुम्ही चर्चा मागितलीत?"

"मला ठरवता येईना, बेनो."

"दीड महिना काय चाललं होतं मग? यादीवर चार हजार मेल झाले, आणि तुम्हाला अजून चर्चा पाहिजे!"

"टाबेआचंही म्हणणं..."

"टाबेआचं म्हणणं टाबेआनं म्हणावं. तुमचं काय म्हणणं?"

लेयनानं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिचं म्हणणं काय, हेच तर तिला कोणी सांगत नव्हतं.

आठवड्याभरात जुन्या इनिटवाल्या साठ-सत्तर जणांनी फारकत घेतली. क्रानिखचं सगळं सामान उचलून (ते फुकट असल्यानं कोणालाही उचलता येत होतं) त्यांनी वेगळं घराणं काढलं आणि त्याचं नाव ठेवलं राइहर. राइहर म्हणजे बगळा. बेनो बगळ्यात गेला. क्रानिखमधून बाहेर पडतो म्हणून त्यानं चार ओळींचं पत्र लिहिलं, आणि ते सोर्बीत लिहिलं. यादीवरच्या हजार माणसांपैकी ते एकट्या लेयनाला वाचता आलं.

डिसेंबरात तीनची बस येत राहिली, पण बेनो त्यात नसायचा. पहिल्या बुधवारी लेयनानं सवयीनं दोन कप काढले. दुसऱ्या बुधवारी तिनं मुद्दाम बाहेरचं काम काढलं. ती एकटीनं ओळी करायची, पण एखादी ओळ यंत्रात कुठं उगवते हे सांगणारं कोणी नव्हतं. 'थांबला' असं एका शब्दाचं काहीतरी यायचं. कोण थांबला? छपाईवाला की घड्याळवाला? बेनोशी बोलायला तिनं दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला.

जानेवारीच्या शेवटी शाळेत पाखरांचं लग्न असतं, पोरं पक्षी होऊन वरात काढतात तो सोर्बी सण. यंदा सणाची पंचवीस तारीख रविवारी आली म्हणून शाळेनं ते शुक्रवारीच उरकून घेतलं. मुख्याध्यापिका ट्रुड्ला क्रालोवा ही लेयनाची जुनी विद्यार्थिनी. तिनं आपल्या बाईंना बोलावलं होतं. मैना, टिटव्या, कोंबडे असे वेष केलेली पोरं सगळीकडे धावत होती. कावळा नवरदेव रडत होता, कारण त्याची चोच कोणीतरी तुडवली होती.

मिरवणूक झाल्यावर ट्रुड्ला हळूच म्हणाली, "बाई, जरा संगणकाच्या खोलीत येता? एक गोंधळ आहे."

त्या खोलीत चौदा यंत्रं होती. ती बेनोनंच बसवलेली. सात खिडकीकडे, सात भिंतीकडे. सुट्टीत येऊन त्यानं खिडकीकडच्या सातांवर राइहरची चाचणीची आवृत्ती टाकली होती. भिंतीकडची व्हायच्या आत शाळा उघडली.

नवरी झालेली मुलगी, काळी-पांढरी पिसं लावलेली, दोन्ही रांगांच्या मध्ये उभी होती. तिनं लेयनाला थेटच विचारलं, "बाई, भिंतीकडचा म्हणतो 'बंद करा'. खिडकीकडचा म्हणतो 'मालवा'. बरोबर कुठलं?"

"दोन्ही..." लेयना म्हणायला लागली आणि थांबली.

"परीक्षेत काय लिहायचं?" नवरीनं विचारलं.

लेयना खिडकीकडच्या एका यंत्रापुढे बसली. तिनं एक यादी उघडली, दुसरी उघडली. भिंतीकडे 'शोधा' होतं, इथं 'हुडका'. तिथं 'प्रतीक्षा करा', इथं 'जरा थांबा'. तिथं 'रद्द करा', इथं 'राहू दे'. कचरापेटीची 'केराची बादली' झाली होती. इनिटचा यातल्या कशाशी काय संबंध? इनिट सकाळी उठून बाकीच्यांना उठवतो. त्याला बादलीचं काय देणंघेणं?

घरी येऊन तिनं दोन्हींच्या फाइली शेजारी शेजारी ठेवल्या. फरक काढायची युक्ती बेनोनंच तिला शिकवली होती. अकरा हजार सहाशे ओळींत चारशे बारा शब्द वेगळे निघाले. ती एकेक वाचत गेली आणि तिचे कान तापत गेले. यातला एकही शब्द नवा नव्हता. प्रत्येक शब्द बेनोनं कधी ना कधी, कुठल्या तरी बुधवारी, या टेबलाशी सुचवला होता, आणि प्रत्येक शब्द तिनं शब्दकोश उघडून खोडला होता. नऊ वर्षांतले सगळेच्या सगळे. तिला स्वतःलाही इतके आठवत नव्हते. त्याला आठवत होते.

दुसऱ्या दिवशी शनिवारी ती वोत्रोवला गेली. दार बेनोची बायको हान्जानं उघडलं.

"लेयना! ये, ये. बटाटे उकडलेत, दही-चक्का आहे, जवसाचं तेल आजच नवं फोडलंय. जेवूनच जा."

"बेनो आहे?"

"आहे की. कोठीत त्याच्या त्या बगळ्याशी बोलतोय."

बेनो बाहेर आला. लेयनानं कागद त्याच्यापुढे टेबलावर ठेवले. सगळी यादी तिनं छापून आणली होती, अकरा पानं.

"हे इनिट आहे का?" तिनं विचारलं.

बेनोनं पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं नाही.

"बाई, ते असंच... हात फिरवला जरा."

"चारशे बारा ठिकाणी?"

"मोजलेत तुम्ही?"

"मी मोजले. तू मोजले नव्हतेस? की नऊ वर्षं मोजतच बसला होतास?"

'तू' ऐकून हान्जाच्या हातातला डाव तसाच राहिला. बेनोही क्षणभर लेयनाकडे बघत राहिला, जणू भलतंच कोणी घरात शिरलंय.

"सरळ सांग मला," लेयना म्हणाली. "तू इनिटपायी गेलास की माझ्यापायी?"

"इनिटपायी. देवाशपथ."

"मग हे काय आहे?"

बेनो खाली बसला. बराच वेळ त्यानं कागदाच्या कडा एकसारख्या केल्या. "मी गेलो तो इनिटपायीच गेलो. त्यात खोटं नाही. मग फाइली माझ्या एकट्याच्या हातात आल्या. पहिल्याच दिवशी 'प्रतीक्षा करा' पुढं आलं. मी म्हटलं, कोण बोलतं असं? आमच्या गावात कोणी कोणाला आयुष्यात 'प्रतीक्षा करा' म्हणालेलं नाही. पाद्रीसुद्धा नाही. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी 'जरा थांबा' लिहिलं. लिहून बरं वाटलं. मग पुढचा. मग थांबताच येईना." त्यानं वर बघितलं. "आता तुम्ही विचारता तर मलाच कळेना झालंय. कदाचित आधीपासूनच असेल मनात. इनिट बरा सापडला असेल. मला नाही माहीत, बाई."

"नऊ वर्षांत बोलला का नाहीस?"

"बोललो की! दर बुधवारी बोललो. तुम्ही शब्दकोश उघडायचात."

"आणि तू म्हणायचास, 'लिहा, शेवटचा शब्द तुमचा'!"

"मग काय म्हणणार? तुम्ही बाई आहात!"

हान्जानं मध्येच भांडं आदळलं. "हे बघा, बटाटे गार होतात. चिडायचं असेल तर जेवता जेवता चिडा."

तिघं जेवली. तेल खरंच ताजं होतं. लेयना निघाली तेव्हा बेनो तिला बस थांब्यापर्यंत सोडायला आला, आणि बस येईपर्यंत दोघं शेजारी शेजारी उभी राहून रस्त्याच्या दोन वेगळ्या टोकांकडे बघत होती.

त्या आठवड्यात लेयनानं ती अकरा पानं लाल पेन घेऊन तपासली, परीक्षेचे पेपर तपासावेत तशी. रागानं सुरुवात केली होती, पण पेन तिच्या मनासारखं चालेना. 'जरा थांबा' चांगलंच होतं. 'हुडका'ही वाईट नव्हतं. तिची आजी 'हुडका'च म्हणायची, हे तिला चाळीसाव्या शब्दापाशी आठवलं आणि ती उठून खिडकीपाशी जाऊन आली. शेवटी हिशेब असा निघाला, की नव्वद शब्द बेनोचे सरळ चांगले, वीसेक साफ चुकीचे ('केराची बादली' त्यात धरून), आणि उरलेल्या तीनशेंबद्दल तिला काहीच सांगता येत नव्हतं. सकाळी एक बरोबर वाटायचा, जेवणानंतर दुसरा.

तिनं नव्वद शब्द क्रानिखमध्ये घातले. मग विचार केला आणि वीस चुका सुधारून राइहरलाही पाठवल्या, स्वतःच्या नावानं. त्यामुळे भलताच घोळ झाला. राइहरच्या यादीवर कोणीतरी लिहिलं, 'क्रानिखची माणसं आपल्यात शिरताहेत.' टाबेआचा फोन आला.

"लेयना, रागावू नकोस, पण मला विचारणं भाग आहे. तू नक्की कुणाकडे आहेस?"

"मला कळलेलं नाही अजून."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी झोप मला पटते. बेनोच्या तारा मला पटतात. चुकीचा शब्द मात्र कुठंही पटत नाही. तिथं लिहिलेला असो की इथं."

टाबेआनं फोनवरच जांभई दिली. मग म्हणाली, "मला झोप अजूनही लागत नाहीये, माहितेय? नवा इनिट आला, चिठ्ठ्या गेल्या. आता लोक मला शिव्या देणारी पत्रं लिहितात. त्यांची उत्तरं द्यावी लागतात."

मार्चपासून बेनो पुन्हा बुधवारी येऊ लागला. माफी कोणी मागितली नाही. त्यानं पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली, तिनं कप काढले, आणि ठरलं असं, की शब्दांची एकच सामाईक यादी करायची, मग ती क्रौंचानंही घ्यावी आणि बगळ्यानंही. तीनशे शब्द उरले होते. पहिल्या बुधवारी चार झाले. पूर्वी हुज्जत पाच मिनिटं चालायची, कारण तिचा शेवट ठरलेला असायचा. आता कोणाचाच शब्द शेवटचा नव्हता, त्यामुळे काही संपायचंच नाही. 'बंद करा' की 'मालवा' यावर एक अख्खी दुपार गेली. ट्रुड्लानं तोवर वैतागून संगणकाच्या खोलीत एक तक्ता लावला होता, दोन रकान्यांचा, आणि पोरांना सांगितलं होतं की दोन्हींना गुण मिळतील. ईस्टरच्या आठवड्यात काम बंद राहिलं. बेनो बेचाळिसाव्यांदा घोडेस्वारांच्या मिरवणुकीत गेला आणि नंतर आठवडाभर त्याला बसता येत नव्हतं. मे संपेपर्यंत एकसष्ट शब्द झाले.

इनिटचं नाव काढायचं नाही, हा एक नियम दोघांनीही न सांगता पाळला होता. तो मोडला बेनोनंच, जूनमध्ये. वार बुधवार नव्हता, सोमवार होता, आणि सकाळचे दहा वाजले होते. तो दारात उभा, हातात दोन पाकिटं, बरणी नाही.

"काय झालं? हान्जा बरी आहे ना?"

"हान्जा बरी आहे. बगळा बरा नाही." तो आत येऊन बसला. "बाई, आम्ही फुटतोय."

"कोण आम्ही?"

"राइहर. नवा इनिट नको, यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. मग हवा कुठला? जुन्यातही तीन प्रकार आहेत. एक अगदी जुना, एक मधला, आणि एक तिसरा, तो एका डॅनिश माणसानं लिहिलाय. अगदी जुनावाले म्हणतात, मधलावाले गद्दार. मधलावाले म्हणतात, जुनावाले म्हातारे. डॅनिश माणूस अकरा जणांना घेऊन निघालाय. नवा पक्षी शोधताहेत."

"अजून एक पक्षी?"

"हसू नका."

"मी हसत नाही," लेयना म्हणाली, आणि खरंच हसत नव्हती. "तुम्हाला काय वाटतं?"

बेनोनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बासष्ट वर्षांचा, आयुष्यभर लाल की हिरवा हे क्षणात सांगणारा माणूस, पण चेहरा बघावा तर जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा. "गुरुवारी जुनावाल्यांशी बोललो. म्हटलं, बरोबर आहे तुमचं. शनिवारी डॅनिश माणसाचा फोन आला. तासभर बोलला. त्याचंही बरोबर. काल दिवसभर बसलो आणि ही दोन पत्रं लिहिली. एक राहतो म्हणून, एक जातो म्हणून. भाषा तपासून द्या."

"दोन्हींची?"

"दोन्हींची. काय पाठवायचं ते ठरलेलं नाही, पण भाषा तरी नीट हवी."

लेयनानं चष्मा लावला. दोन्ही पत्रं एक-एक पानाची होती. जातो म्हणणारं जरा जास्त कळवळ्यानं लिहिलं होतं, राहतो म्हणणारं जास्त नीटनेटकं. तिनं एकात दोन स्वल्पविराम घातले आणि एका माणसाला 'मूर्ख' म्हटलं होतं ते खोडलं. बेनो म्हणाला, मूर्खच आहे तो. ती म्हणाली, असेल, पण पत्रात नको. यावर पंधरा मिनिटं गेली, आणि शेवटी 'उतावळा' ठरलं. दुसऱ्या पत्रात तिला फक्त एक क्रियापद बदलावंसं वाटलं. बेनोनं ते बदलू दिलं नाही, आणि तिनं सोडून दिलं.

"मग? कुठलं पाठवणार?"

"बसमध्ये ठरवतो. पस्तीस मिनिटं आहेत."

तो बाराच्या गाडीनं गेला. लेयनानं दुपारी बागेतल्या वाटाण्यांना काठ्या लावल्या. चारला फोन वाजला. हान्जा होती.

"लेयना, बेनो अजून तुझ्याकडेच आहे का गं?"

"नाही. बाराला निघाला."

"मग गेला कुठं हा माणूस?"

दोघींनी बसचं वेळापत्रक काढलं, ट्रुड्लाला विचारलं, पाद्रीबाबांना विचारलं. साडेपाचला हान्जाचा पुन्हा फोन आला, आणि तिचा आवाज रागावलेला होता, म्हणजे बेनो सापडला होता. वोत्रोवचा थांबा आला आणि गेला, तरी तो खिडकीशी बसूनच होता. पार शेवटच्या कामेन्त्स थांब्यापर्यंत गेला. तिथं ड्रायव्हरनं उठवलं, तर म्हणाला, झोपलो नव्हतो, विचार करत होतो. उलट गाडीत बसला आणि पुन्हा वोत्रोव सोडून दोन थांबे पुढे उतरला. तिथून शेतातून चालत आला. बुटांना हा चिखल.

"आणि पत्र?" लेयनानं विचारलं. "कुठलं पाठवलं?"

"दोन्ही खिशात आहेत. विचारलं तर म्हणतो, उद्या बघू." हान्जानं तोंड फोनपासून दूर नेऊन आत बेनोला ओरडून सांगितलं, की बूट दाराबाहेर काढ, आतली फरशी आजच पुसलीय.